भेटीचे नियम आणि पाहुण्याचा हक्क

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असला की घर कसे असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणलेल्या असतात, पोह्यांवर खोबरे-कोथिंबीर नेहमीपेक्षा जास्त पडलेली असते आणि घरातले तापट काका नेमके त्याच दिवशी परगावी गेलेले असतात. यात कोणी खोटे बोलत नाही. पण खरेही कोणी सांगत नाही. म्हणूनच जुनी माणसे पोहे खाऊन झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात चार गोष्टी विचारून मगच आपल्या घरी परतत.

अमेरिकेतील महाविद्यालयांत खेळाडू निवडताना असाच एक दाखवण्याचा कार्यक्रम होतो. तेथे दाखवले जाते ते महाविद्यालय, आणि पाहायला येतो तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. या भेटीला तेथे ‘कॅम्पस व्हिजिट’ म्हणतात, आणि तिचे नियम इतके बारीक आहेत की आयकराच्या कायद्यालाही हेवा वाटावा. नियम, करार आणि हिशेब हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीचे रोजचे विषय. त्या दृष्टीने हे नियम वाचताना जे वाटले ते येथे मांडते. माझे म्हणणे थोडक्यात असे : या नियमांनी यजमानाचा हात कसा आखडावा याचा फार विचार केला, पाहुण्याच्या हाती काय द्यावे याचा मात्र फार थोडा. खेळाडूंना बोलावणाऱ्या आपल्याकडील महाविद्यालयांना त्यातून काही घ्यायचे असेल, तर त्यांनी ही राहून गेलेली बाजू घ्यावी.

प्रथम पद्धत समजावून घेऊ. १९०६ साली स्थापन झालेली आणि आज ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ या नावाने ओळखली जाणारी संस्था तेथील महाविद्यालयीन खेळांचे नियम करते. तिला सारे ‘एनसीएए’ म्हणतात. सुमारे अकराशे महाविद्यालये व विद्यापीठे तिची सभासद आहेत आणि पाच लाखांहून अधिक खेळाडू तिच्या नियमांखाली खेळतात. सभासदांचे तीन विभाग आहेत. पहिल्या दोन विभागांत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते, तिसऱ्यात देता येत नाही. आपल्याकडे मोठा खेळाडू बहुधा तालमीत किंवा क्रीडा वसतिगृहात तयार होतो. तेथे तो बहुधा महाविद्यालयात तयार होतो. आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळून २००७ व २००८ साली तेथील महाविद्यालयीन एकेरीचा विजेता झाला. उंच उडीतील तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ व २०२२ साली अजिंक्य ठरला. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

भेटी दोन प्रकारच्या. महाविद्यालयाच्या खर्चाने होते ती ‘ऑफिशियल’, आणि खेळाडूच्या घरच्या खर्चाने होते ती ‘अनऑफिशियल’. पहिल्या प्रकारात जाण्यायेण्याचे भाडे, राहण्याची सोय, जेवण आणि घरच्या मैदानावरील सामन्याची मोफत तिकिटे महाविद्यालय देऊ शकते. दुसऱ्या प्रकारात सामन्याच्या तिकिटांपलीकडे फारसे काही देता येत नाही. पहिल्या विभागात पूर्वी खेळाडूला महाविद्यालयांच्या खर्चाच्या पाचच भेटी मिळत. १ जुलै २०२३ पासून बहुतेक खेळांत ही मर्यादा उठली. मात्र एका महाविद्यालयाला अशी भेट सामान्यतः एकदाच. पूर्वी भेट अठ्ठेचाळीस तासांत संपवावी लागे, आता मुक्काम दोन रात्रींचा असतो. त्याच वेळी घरच्या दोन माणसांचाही खर्च उचलण्याची मुभा मिळाली. खेळाडूने येण्याआधी आपले शाळेचे गुणपत्रक पाठवायचे असते.

शिवाय भेटीला पंचांगही आहे. वर्षातील काही दिवस ‘डेड पीरियड’ असतो. त्या काळात प्रशिक्षकाने खेळाडूला आवारात किंवा बाहेर कोठेही प्रत्यक्ष भेटायचे नाही; पत्र लिहावे, फोन करावा. ‘क्वाएट पीरियड’मध्ये भेटता येते, पण फक्त महाविद्यालयाच्या आवारात. कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये लागू झालेला ‘डेड पीरियड’ पहिल्या विभागात ३१ मे २०२१ पर्यंत चालला. त्या वर्षी कित्येक मुलांनी प्रशिक्षकाला समोरासमोर न भेटता, पडद्यावर दिसले तेवढ्यावर चार वर्षांचा निर्णय घेतला.

हे नियम काही हौसेने झालेले नाहीत. त्यांच्यामागे कटू अनुभव आहेत. डिसेंबर २००१ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात भेटीला आलेले भावी खेळाडू आणि संघातील मुले एका मेजवानीला गेली. तेथे आपल्यावर अत्याचार झाल्याची तक्रार विद्यार्थिनींनी केली. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. २००७ साली अपील न्यायालयाने दावा चालवण्यास वाट मोकळी केल्यावर विद्यापीठाने दोन तक्रारदार स्त्रियांना मिळून २८ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. मधल्या काळात, २००४ साली, एनसीएएने भेटीचे नियम कडक केले. खास विमाने बंद, आलिशान गाड्या बंद, पाहुण्याच्या नावाचा खास गणवेश शिवून मिरवणे बंद. राहणे-जेवणे त्या महाविद्यालयातील सामान्य विद्यार्थ्याच्या बेताचे असावे. आणि प्रत्येक महाविद्यालयाने भेटीविषयी आपले लेखी धोरण ठेवावे, असे ठरले.

मग प्रश्न सुटला काय? लुईव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल विभागातील एका कर्मचाऱ्याने २०१० ते २०१४ या काळात भेटीला आलेल्या मुलांसाठी वसतिगृहातच वेश्या व नर्तकी बोलावल्याचे पुढे उघड झाले. त्यातील काही मुले अठरा वर्षांचीही नव्हती. शिक्षा म्हणून त्या विद्यापीठाचे २०१३ चे राष्ट्रीय अजिंक्यपद २०१८ साली नोंदीतून पुसले गेले. २००४ चे नियम तेव्हा लागू होते. लेखी धोरण होते. तरीही हे घडले.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. हे नियम कोणाच्या रक्षणासाठी आहेत? मेजवानी, गाडी, तिकिटे, रात्री मोजण्यामागचा एक मोठा हेतू असा की श्रीमंत महाविद्यालयाने पैशाच्या जोरावर गरीब महाविद्यालयाचा खेळाडू पळवू नये. हेतू वाईट नाही. परंतु तो महाविद्यालयांमधील आपसातला हिशेब झाला. व्यापाऱ्यांच्या संघाने सर्वांनी एकाच वेळी दुकान उघडावे आणि गिऱ्हाइकाला चहा पाजू नये असे ठरवले, म्हणून मालाची प्रत सुधारत नाही. या मोजदादीची गंमत इतकी की, काही वर्षांपूर्वीपर्यंत महाविद्यालयाने आपल्या खेळाडूंना बेगल नावाचा पाव दिला तर चाले. त्यावर चीज लावून दिले की ते जेवण ठरे आणि नियमभंग होई! ताटाचा असा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेने ताटावर बसलेल्या मुलाला काय माहीत असायला हवे, याचा हिशेब त्याच बारकाईने ठेवला असता तर?

त्या मुलाच्या बाजूने पाहा. त्याच्यासमोर झगमगीत मैदान आहे, पन्नास हजार लोकांचा गजर आहे, नाव घेऊन पाठीवर हात ठेवणारा प्रशिक्षक आहे. त्याला वाटते, चार वर्षांची सोय झाली. परंतु १९७३ पासून २०१२ पर्यंत पहिल्या विभागातील खेळाची शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची देता येत असे. पुढच्या वर्षी ती पुन्हा द्यायची की नाही, हे महाविद्यालय ठरवी. म्हणजे डोळ्यांना दिसत होती चार वर्षे आणि कागदावर होते एक. यात कोणता नियम मोडला? कोणताच नाही. जेवण ठरल्याइतकेच होते आणि तिकिटेही मोजून दिलेली होती.

आम्हाला व्यापारी कायद्यात शिकवतात की करारासाठी स्वतंत्र संमती हवी, आणि अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्द. भारतीय करार कायदा १८७२ चा. अज्ञानाच्या करारावरचा मोहरीबीबीचा प्रसिद्ध निवाडा १९०३ चा. कंपनी कायद्यात शिकवतात की लोकांकडून भांडवल मागणाऱ्या कंपनीने माहितीपत्रक काढलेच पाहिजे. त्यात धोकेही लिहायचे, चालू असलेले दावेही लिहायचे. खोटे लिहिले तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे संबंधितांवर फौजदारी जबाबदारी येते. विमा घेणाऱ्यालाही पॉलिसी हाती आल्यावर ती नीट वाचून परत करायला ३० दिवस मिळतात. दहा रुपयांच्या शेअरसाठी जो समाज एवढी काळजी घेतो, तो एखाद्या मुलाची चार वर्षे, त्याचे गुडघे आणि त्याची पदवी मागताना माहितीपत्रक मागत नाही, हे नवल आहे.

अमेरिकेत या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९० साली तेथील संसदेने एक कायदा केला. त्यामागे बिल ब्रॅडली हे सिनेटर होते. ते स्वतः महाविद्यालयातून पुढे आलेले नामवंत बास्केटबॉलपटू. खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ करणाऱ्या महाविद्यालयाने आपले किती खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडतात, हे त्या मुलाला व त्याच्या पालकांना सांगितले पाहिजे, असे या कायद्याने ठरवले. अलीकडे, १ ऑगस्ट २०२४ पासून, पहिल्या विभागातील महाविद्यालयांना खेळताना झालेल्या दुखापतीच्या उपचारांची जबाबदारी शिक्षण संपल्यावरही किमान दोन वर्षे घ्यावी लागते, आणि खेळ खालावला या कारणावरून शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही. ही पावले मला भेटीच्या साऱ्या नियमांपेक्षा मोलाची वाटतात.

का, तेही सांगते. नियम दोन जातींचे असतात. एक मनाईचा आणि एक हक्काचा. ‘पाहुण्याला अमुक देऊ नये’ हा मनाईचा नियम. तो पाळायचा की मोडायचा, हे यजमानाच्या हाती राहते, आणि मोडला तर पुष्कळदा पाहुणा खूशच असतो. मग तक्रार करणार कोण? लुईव्हिलचा प्रकार कित्येक वर्षे झाकून राहिला तो त्यामुळेच. ‘पाहुण्याला अमुक सांगितलेच पाहिजे’ हा हक्काचा नियम. तो मोडला गेला तर ज्याचे नुकसान होते, तोच समोर बसून विचारू शकतो : तो कागद कुठे आहे? मनाईच्या नियमाला पहारेकरी लागतो. हक्काचा नियम पाहुणा स्वतःच राखतो.

आता तर तेथे पैसाही उघडपणे आला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार २०२५-२६ या वर्षी एखादे महाविद्यालय आपल्या खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट देऊ शकते. पैसे वाटण्याची मुभा आल्यावर जेवणाच्या मोजणीला फारसा अर्थ उरत नाही. माहितीच्या हक्काला मात्र पूर्वीपेक्षा अधिक अर्थ येतो. कारण रक्कम मोठी झाली की कागदावरची बारीक अक्षरेही वाढतात.

हे सारे आपल्या बेळगावच्या वाचकांना कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे कुठे खास विमाने आणि पन्नास हजारांचे मैदान? खरे आहे. आपल्याकडे भेट हा प्रकारच बहुधा नसतो. पी.यू.सी.चा निकाल लागला की खेळाडूची शोधाशोध सुरू होते. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली खो-खोची चांगली मुलगी, चिकोडी-निपाणीकडचा कबड्डीपटू, चंदगडचा मल्ल यांना कोणाकरवी तरी निरोप जातो : “आमच्याकडे ये, फी माफ करू, राहण्याचे बघू.” तो निरोप हेच माहितीपत्रक. मुलगी महाविद्यालय पाहते ते प्रवेशाच्या दिवशी, आणि तेही ऑफिसच्या खिडकीपुरते. मैदान कोणत्या बाजूला आहे हे तिला जुलैत कळते, आणि मुलींसाठी कपडे बदलायची खोली नाही हे ऑगस्टमध्ये.

माझ्या ओळखीतला एक कबड्डीपटू असाच एका महाविद्यालयात गेला. नाव घेण्याचे कारण नाही. कारण हे एका जागेचे दुखणे नाही. पहिल्या वर्षी फी माफ झाली. दुसऱ्या वर्षी सरावात गुडघा दुखावला, तो संघातून गेला आणि नेहमीची फी भरण्याची चिठ्ठी हाती आली. त्याचे वडील विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळाले, “खेळत असेपर्यंत माफ, असे ठरले होते.” कुठे ठरले होते? कागद नव्हता. आणि प्रवेशाच्या दिवशी ज्या फॉर्मवर वडिलांनी सही केली, तो इंग्रजीत होता. त्या माणसाला मराठी वाचता येते, कानडी बोलता येते. इंग्रजीत त्याला फक्त सही करता येते. त्या मुलाने पुढे शिक्षण सोडले नाही, पण वडिलांनी त्यासाठी दुभती म्हैस विकली. आपल्या भागात अशी म्हैस विकणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

म्हणून मी आपल्या महाविद्यालयांपुढे चार साध्या सूचना ठेवते.

पहिली : प्रवेशाआधी प्रत्येक खेळाडूला एका पालकासह एक दिवस बोलवावे. दोघांचे बसभाडे आणि वसतिगृहाच्या मेसमधले दुपारचे जेवण महाविद्यालयाने द्यावे. हॉटेलात नेऊ नये. मुले रोज जे जेवतात तेच पाहुण्यांनी जेवावे; त्याच्याइतके खरे माहितीपत्रक दुसरे नाही.

दुसरी : त्या दिवशी एक तास तरी शेवटच्या वर्षाच्या एखाद्या खेळाडूशी त्यांची भेट घालून द्यावी. तेथे फिजिकल डायरेक्टर सर नसावेत, कोणी प्राध्यापक नसावेत. मुलगी असेल तर मुलीशीच बोलणे व्हावे. सरावाहून परतायला रात्र होते का, सामन्यामुळे इंटर्नल बुडाली तर काय होते, हजेरीची अडचण कशी सुटते, हे प्रश्न मोठ्यांसमोर कोणी विचारत नाही.

तिसरी : जे देऊ करतो ते एका पानावर लिहून द्यावे. फी किती वर्षांसाठी माफ? वसतिगृह कोणते? दुखापत झाली तर औषधोपचार कोणाचा आणि सवलत राहणार की जाणार? गेल्या तीन वर्षांत घेतलेल्या खेळाडूंपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले? हे पान मराठीत आणि कानडीत असावे; पालकाला जी भाषा वाचता येते तीत त्याने ते वाचावे, आणि मगच सही करावी. आपल्या या अंकात दोन्ही भाषांचे विभाग एकाच पुठ्ठ्यात नांदतात. मग प्रवेशाच्या एका पानावर त्या का नांदू नयेत?

चौथी : त्याच दिवशी होकार घेऊ नये. आठ दिवस द्यावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत असे २०१८ सालीच बजावले आहे. तोच विचार येथेही लागू करावा. खेळाडूचा दाखला आठ दिवस त्याच्या घरच्या कपाटात राहिला, तर महाविद्यालयाचे काही बिघडत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. एक खर्चाचा. दोन माणसांचे बसभाडे आणि दोन ताटे ही रक्कम संघाच्या एका वर्षाच्या बुटांच्या खर्चापुढे काहीच नाही; कोणत्याही जमाखर्चात ती बसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्रीडा विभागातले शिक्षक म्हणतील, “आम्ही सारे खरे लिहून दिले आणि शेजारच्या महाविद्यालयाने गोड बोलून मुलगी नेली, तर आम्ही तोट्यात.” हे खरे आहे, आणि अमेरिकेतही नेमक्या याच भीतीपोटी महाविद्यालयांनी एकत्र येऊन नियम केले. आपणही तसेच करावे. शहरातील महाविद्यालयांच्या क्रीडाशिक्षकांनी एका बैठकीत त्या एका पानाचा नमुना ठरवावा आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने तो सर्वांना सक्तीचा करावा. एकट्याने खरे बोलणे तोट्याचे ठरू शकते. सर्वांना बोलावे लागले की तोटा कोणालाच नाही.

माझ्या खेळाडू मित्रमैत्रिणींना शेवटी एकच सांगणे आहे. हा नियम होईपर्यंत वाट पाहू नका. येत्या जूनमध्ये तुमच्या धाकट्या भावंडांना कोणी “ये, बघू या” म्हणून निरोप धाडला, तर त्यांना एकच वाक्य शिकवून ठेवा : “सर, हे एवढे लिहून द्याल का?” हे वाक्य उद्धटपणाचे नाही. ज्याला खरोखर द्यायचे आहे त्याला लिहायला दोन मिनिटे लागतात. आणि जो लिहायला कचरतो, त्याने उत्तर दिलेलेच असते.

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. द्वितीय वर्ष